काचेतली सुलटी बाई

“काचेत सगळं उलटं दिसतं, हे मला तूच शिकवलंस ना? मग ती एकटीच बाई सुलटी कशी उभी असेल?” बारकी म्हणाली. “डोळे गेलेत तुझे, मावशी. एकदा कबूल कर आणि मोकळी हो.”

“डोळे गेले असते तर तुझ्या शर्टाचं एक बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलंय, ते मला इथून दिसलं नसतं.”

“ते तुला मीच सकाळी सांगितलं. सुई ओवून दे म्हटलं, तर तू दोरा हवेतच ओवत बसलीस.”

आम्ही दोघी त्या लांबलचक हॉलच्या मधोमध उभ्या होतो आणि आमच्या मधे माझा कॅमेरा, तीन पायांवर, काळं कापड पांघरून, घरातलं भांडण ऐकायला बसलेल्या पाहुण्यासारखा. दुपार होती. बाहेर ढग होते, पण खिडक्या उंच असल्यामुळे उजेड चांगला होता. काळोख नव्हता, वारा नव्हता, दार कुठे वाजत नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण असल्या गोष्टी सांगताना लोक आधी दिवे मालवतात. मला तशी गरज नाही.

बारकी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नाव लहानपणी पडलं. आता दारातून वाकून येते इतकी उंच झाली आहे, पण नाव काही वाढलं नाही. गाडी ती चालवते, स्टँड ती उचलते, आणि गेल्या वर्षापासून माझ्या डोळ्यांची मालकीणही तीच झाली होती. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला तेव्हा मी गप्प होते, रडली ती. त्या दिवसापासून माझं एखादं चित्र जरा धुरकट आलं की ती तोंडाने काही बोलायची नाही, फक्त माझा चष्मा पुसून माझ्या हातात द्यायची. माणसाला असं गुपचूप मोडीत काढलेलं मला खपत नाही. हे काम झालं की कॅमेरा कायमचा खाली ठेवायचा, असं तिने आणि तिच्या आईने परस्पर ठरवून टाकलं होतं. मी ठरवलं नव्हतं. घरून निघताना आम्ही पाण्याची बाटली घेतली, फिल्म घेतल्या आणि हे भांडणही बरोबर घेतलं.

कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझा कॅमेरा लाकडी आहे. पुढे भिंग, मागे दुधी काच, मधे लोहाराच्या असतो तसा भाता. समोरचं सगळं भिंगातून आत येतं आणि काचेवर उलटं पडतं. माणसं डोक्यावर उभी, छत खाली, जमीन वर. बाहेरचा उजेड काचेवर आला तर काही दिसत नाही, म्हणून डोक्यावरून काळं कापड घ्यायचं, दोन्ही कडा हनुवटीखाली मुठीत धरायच्या आणि त्या अंधारात काच बघायची. मला हे कोणी शिकवलं नाही. भंगारातून कॅमेरा आणला, सगळा सुटा केला, पुन्हा जोडला. जोडल्यावर काही स्क्रू उरले. ते कशाचे, हे अजून मला कळलं नाही आणि कॅमेऱ्यालाही त्यांची आठवण येत नाही. पण उलटं बघायची सवय अंगात अशी भिनली की रस्त्यातही मी माणूस आधी पायांकडून बघते. चप्पल कुठल्या बाजूने झिजली आहे, त्यावरून तो फोटोत कुठला खांदा पाडणार ते कळतं.

काम साधं होतं. नर्सांच्या शाळेचं जुनं वसतिगृह पाडायचं होतं. पाडण्याआधी त्यातल्या प्रत्येक खोलीचं एकेक मोठं चित्र हवं होतं, नव्या इमारतीच्या जिन्यात लावायला. वाटेत नेहमीसारखं मी डोळ्यांनीच काय काय टिपत होते. अर्धं शटर वर करून त्याखालून वाकून बाहेर येणारा दुकानदार. बसथांब्यावर एकाच छत्रीत उभं राहून एकमेकांकडे न बघणारं जोडपं. चहाला थांबलो तिथली बाई, स्टँड दिसताच हात पुसून केसांकडे नेणारी. कॅमेरा डब्यात असला तरी लोकांचे हात केसांकडे जातात. बारकी म्हणाली, “तुझ्या वयाला लोक देवळाच्या पायऱ्या मोजतात.” मी म्हटलं, “मोजू देत. पायऱ्या कुठे पळून जात नाहीत. उजेड जातो.”

वसतिगृहाच्या फाटकावर वॉचमन होता. किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे चालता चालता तो म्हणाला, “आजी, जपून, फरशी उखडलीये.”

“आजी तुझ्या घरी असेल. मी फोटोग्राफर आहे.”

“बरं, फोटोग्राफर आजी.”

त्याच्यावर काही मी रागावले नाही. खोल्या उघडून देत होता, बडबड करत होता. खोल्याही चांगल्या होत्या. लोखंडी खाटांचे सांगाडे, कपाटांच्या दारांना आतून चिकटवलेले छोटे आरसे, भिंतीवर उंची मोजल्यासारख्या पेन्सिलीच्या रेघा. बारकी प्रत्येक खोलीत फिल्म घालून द्यायची आणि मी कापडाखाली शिरायच्या आधी एकदा माझ्या डोळ्यांकडे बघायची. तेवढं सोडलं तर सकाळ झकास गेली.

मग आला व्हरांडा. तिथे वर्षावर्षांचे ग्रुप फोटो ओळीने लावलेले होते. पांढऱ्या कपड्यांतल्या मुली, पुढे खुर्च्या, मागे बाक. मी एकेका फोटोसमोर थांबत गेले, कारण काम अव्वल होतं. एकही हनुवटी वर नाही, एकही हात लोंबकळत नाही, मागच्या ओळीतल्या बुटक्या मुलीसुद्धा पूर्ण दिसतात. हे काम उधारीच्या डोळ्याचं नव्हे.

“कोणी काढले?” मी विचारलं.

“मोठ्या बाईंनी,” वॉचमन म्हणाला. “वसतिगृह त्याच बघायच्या. कॅमेरा त्यांचा स्वतःचा होता, तुमच्यासारखाच, लाकडी. जिन्याखाली फोटो धुवायची खोली होती. दरवर्षी हॉलमध्ये फोटो काढायच्या. स्वतः मात्र एकाही फोटोत नाहीत बघा. मुली म्हणायच्या, बाई, यंदा तरी बसा. तर म्हणायच्या, मी बसले तर बघणार कोण?”

“बरोबरच आहे.”

“गेल्या तेव्हा त्यांचा फोटो लावायचा म्हटलं तर मिळेना. रिकामी चौकटच लावली होती काही दिवस.”

शेवटचे दोन फोटो मात्र बाईंचे नव्हते, हे कोणी सांगायची गरज नव्हती. एकात पाय कापलेले, दुसऱ्यात अख्खा हॉल एका बाजूला कललेला. बाई गेल्यानंतर शहरातून एक माणूस यायचा, वॉचमन म्हणाला. दोन वर्षं आला, मग येईना.

“का?”

“म्हणाला, मुली माझ्याकडे बघतच नाहीत.”

मी पुन्हा फोटोंकडे गेले. ग्रुप फोटोत माणसं भिंगाकडे बघत नाहीत, फोटो काढणाऱ्याकडे बघतात. फिल्म घातली की आपण कॅमेऱ्याशेजारी उभे राहतो आणि सगळे डोळे आपल्यावर असतात. बाईंच्या फोटोंमध्ये मुलींची नजर भिंगाच्या जरा डावीकडे होती, बेताच्या उंचीच्या बाईच्या चेहऱ्यावर. आणि त्या शहरातल्या माणसाच्या फोटोंतही, पाय कापलेल्या आणि कललेल्या, सगळ्या मुलींची नजर त्याच जागी होती. डावीकडे. बेताच्या उंचीवर. एकही डोळा त्या माणसाला सापडला नव्हता.

बारकीला दाखवलं. ती म्हणाली, “मला तर सगळ्या सरळच बघताना दिसतायत,” आणि माझा चष्मा मागितला, पुसायला.

वॉचमनने हॉलचं कुलूप काढलं, किल्ली बारकीकडे दिली आणि तो फाटकावर परत गेला.

हॉलमध्ये टोकाला लाकडी चौथरा आणि त्यावर उलट्यापालट्या टाकलेल्या खुर्च्या होत्या. मी एक खुर्ची मधोमध सरळ ठेवली, कॅमेरा मागच्या कोऱ्या भिंतीपासून चार पावलं पुढे लावला आणि कापडाखाली शिरले. काच उजळली. उलटा चौथरा, उलट्या खिडक्या, छताला लोंबणारी ती खुर्ची. आणि डाव्या बाजूला एक बाई.

सुलटी.

पाय खाली, डोकं वर. लहानशी, काड्यापेटीएवढी. पांढरी साडी, अंगाशी घट्ट घेतलेला पदर, हात समोर बांधलेले. आधी मला वाटलं, काचेत माझंच काही पडलंय. पण मी वाकलेली होते आणि ती ताठ होती. मी कापडातून बाहेर आले. हॉल रिकामा. बारकी दारापाशी मोबाइल बघत होती, आणि तिने पँट घातली होती.

मी पुन्हा आत गेले. कोणीही गेलं असतं. अर्धं बघून सोडलेलं मला आयुष्यभर छळतं. कडा मुठीत घट्ट धरल्या, उजेडाची एक तिरीप येऊ दिली नाही. ती होती. आता जरा मोठी, कमरेपासून वर दिसेल इतकी. ती जवळ आली होती. आणि कापडाखाली, जिथे माझ्या डोक्याच्या तेलाचा वास असतो, तिथे फिल्म धुवायच्या औषधाचा वास येत होता. आंबट, ओल्या बोटांचा. मी कित्येक दिवसांत डार्करूममध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

तेव्हा मी बाहेर येऊन बारकीला सांगितलं, आणि सुरुवातीला लिहिलं ते भांडण पेटलं.

“हॉल सोडून दे,” बारकी म्हणाली. “मी मोबाइलवर काढते. कोणाला कळणार नाही.”

“मला कळेल.”

“मावशी, मोतीबिंदूत असं होतं. उजेडाभोवती कडी दिसतात, एकाचे दोन दिसतात. डॉक्टर काय म्हणाले होते?”

“डॉक्टर म्हणाले होते धुरकट दिसेल. पांढऱ्या साडीतली बाई दिसेल असं म्हणाले नव्हते. तसं असतं तर मी औषध कडू आहे का विचारलं असतं.”

ती हसली नाही. बारकी हसली नाही की समजावं, आता ती खरंच घाबरली आहे. माझ्यासाठी. ते मला जास्त लागलं.

“ऐक,” ती म्हणाली आणि माझा हात धरला. “तूच सांगितलं होतंस. काचेची आपल्याकडची बाजू गुळगुळीत असते. मागून उजेड आला की मागचं काहीतरी तिच्यात उमटतं, आरशासारखं. आणि आरशातलं सुलटं असतं. झालं. भिंगातून आलं ते उलटं, मागून आलं ते सुलटं. तुला तुझ्या पाठीमागचं काहीतरी दिसलं.”

मी वळून मागच्या भिंतीकडे बघितलं.

गणित बरोबर होतं. माझंच होतं, तिने मला परत वाढलं होतं. सुलटं दिसायला दुसरं कारणच नाही. ती बाई भिंगासमोर नव्हती. चौथऱ्यावर नव्हती, खुर्चीपाशी नव्हती. आमच्या बाजूला होती.

“माझ्या पाठीमागे कोरी भिंत आहे,” मी म्हटलं. “आणि कापड बंद होतं, बारके. दोन्ही कडा माझ्या मुठीत होत्या. मागचं काही दिसायचं तर ते कापडाच्या आत हवं.”

“म्हणून तर म्हणतेय, काही नव्हतंच.”

बाहेर वॉचमनच्या रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं. मी निघून जाऊ शकले असते. बाकी सगळ्या खोल्या झाल्या होत्या. पण एक खोली डोळ्यांच्या भीतीने सोडली की पुढची आपोआप सुटते, आणि मग एक दिवस आपण खिडकीशी बसून लोकांनी केस विंचरून दिलेल्या म्हातारीसारखं उजेडाकडे तोंड करून राहतो. मी तशी राहणार नव्हते. भूत असो की मोतीबिंदू, हॉलचं चित्र मी घेणार होते.

“तू बघ,” मी म्हटलं.

“काय?”

“तुझे डोळे तरुण आहेत ना? शिर कापडाखाली. काही दिसलं नाही तर कॅमेरा तुझा. आईला घरी जाऊन सांग, म्हातारी वठणीवर आली. मी ब्र काढणार नाही.”

“आणि दिसलं तर?”

“तर माझ्या डोळ्यांचं नाव पुन्हा घ्यायचं नाही. तू नाही, तुझ्या आईनेही नाही.”

“कबूल,” बारकी म्हणाली, इतक्या पटकन की मला तिची दया आली. तिला जिंकायचंच होतं. माझ्या भल्यासाठी माणसं किती उतावीळ असतात. “पण तू समोर खुर्चीत बस. नुसत्या रिकाम्या जागेवर मला काच जुळवता येत नाही.”

मी चौथऱ्यावर जाऊन बसले. एवढ्या वर्षांत मी कॅमेऱ्याच्या या बाजूला क्वचितच आले असेन. इथून तो वेगळाच दिसतो. एक डोळा, आणि त्यामागे काळा बुरखा घेतलेलं कोणीतरी. हातांचं काय करायचं ते मला कळेना. लोकांना आयुष्यभर सांगितलं, मांडीवर ठेवा, सैल सोडा. मी मांडीवर ठेवले. ते सैल सुटेनात.

बारकीने कापड डोक्यावर घेतलं, कडा आत ओढल्या. तिची उंची मोठी, त्यामुळे ती पार वाकली. कापडाखालून तिचे दोन बूट दिसत होते. दोनच. मी मोजले नाहीत, दिसलं ते सांगते.

“दिसतेस तू,” आतून आवाज आला, कापडात गुंडाळलेला. “उलटी. नेहमीसारखी.”

“आणि?”

“आणि खुर्च्या. खिडक्या.” ती काच जुळवत होती, भाता जरा पुढे आला, जरा मागे गेला. “बाकी कोणी नाही, मावशी. कोणीही नाही.”

हरणं म्हणजे काय, ते मला तोवर ऐकून माहीत होतं. पण शब्द दिला होता. मनातल्या मनात मी कॅमेरा पुसला, भाता मिटला, पेटी बंद केली. कापडाला घडी घातली. आता उठावं, म्हणून खुर्चीच्या हातांवर हात टेकवले.

“हलू नकोस,” बारकी म्हणाली.

मी थांबले. तिचा आवाज बदलला होता. चढला नव्हता, उतरला होता.

काळ्या कापडाकडे मी नीट बघितलं, माझ्या याच डोळ्यांनी. बारकी हडकुळी आहे. ती वाकली की कापड तिच्या पाठीवरून सरळ खाली पडतं, दोरीवर टाकल्यासारखं. आता ते डाव्या अंगाला फुगलेलं होतं. बूट दोनच होते.

“मावशी… तू खुर्चीतच आहेस ना?”

“हो.”

“दोन्ही हात मांडीवर घे.”

“घेतले. दिसत नाहीत का तुला?”

“दिसतायत…” ती म्हणाली. “म्हणून तर विचारतेय, माझ्या खांद्यावर हा हात कोणाचा.”

मी उठले. गुडघा कुरकुरला, उठले तरी. चौथऱ्यावरून उतरून मी कॅमेऱ्याकडे चालू लागले. पळाले नाही; स्टँडला धक्का लागला असता. जवळ गेले तशी आंबट ओल्या औषधाचा वास पुढे आला, आणि कापडाची ती डावी बाजू सावकाश आत गेली, बाहेर आली, आत गेली. बारकीने श्वास रोखून धरला होता. तिची बाजू हलत नव्हती.

“बारके,” मी म्हटलं, “कड सोड आणि मागे ये.”

“कड माझ्या हातात नाहीये.”

मी कापडाला हात घातला. ते निघेना. दुसऱ्या कोणीतरी आतून दोन्ही कडा घट्ट मुठीत धरल्या होत्या, उजेडाची एक तिरीपही येऊ नये अशा. ही मूठ मी ओळखते. मी दुसरा हातही घातला आणि पाय रोवून उभी राहिले. तेव्हा आतून, अगदी हळू, शेजारी काम करणाऱ्या कोणाला तरी व्यत्यय येऊ नये अशा आवाजात बारकी म्हणाली,

“मावशी, तुझे डोळे शाबूत आहेत… आता हिला सांग ना, मला बाहेर येऊ दे.”